विमानाचे पाय

उडणाऱ्या पक्ष्याचे पाय कोठे असतात, असा प्रश्न कोणी अकस्मात विचारला तर आपल्यापैकी पुष्कळांना तो क्षणभर अडवील. सारस आणि बगळा आपले लांब पाय मागे ताठ सोडून उडतात. चिमणी ते पोटाशी पिसांत दडवते. ती फांदीवरून निघाली की पाय दिसेनासे होतात आणि दुसरी फांदी जवळ आली की ते आपोआप पुढे येतात. त्यासाठी तिला विचार करावा लागत नाही. माणसाने प्रथम विमान केले आणि पुढे त्याचेही पाय पोटात घेण्याची हिकमत काढली. तेव्हा मात्र त्या पायांबरोबर एक कायमची काळजीही विमानात येऊन बसली. वर घेतलेले पाय हवे त्या वेळी खाली येतील ना, ही ती काळजी होय.

पाय वर घ्यावयाचे तरी कशासाठी? कारण हवा. विमानाचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि बाहेर लोंबणारी चाके हा विरोध विनाकारण वाढवितात. १९२० साली फ्रान्समध्ये गॉर्डन बेनेट करंडकाची शर्यत झाली. तीत अमेरिकेतील डेटन-राइट कंपनीचे एक विमान उतरले होते. त्याच्या चालकाने हाताने दांडा फिरविला की चाके पोटात जात. ते विमान शर्यत जिंकू शकले नाही; कल्पना मात्र टिकली. हाताच्या दांड्याच्या जागी पुढे कोठे विजेची मोटर आली, कोठे तेलाचा दाब आला. या लेखाचा विषय आहे तो तेलाच्या दाबाचा.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ करतो. पास्कल १६६२ साली वारला आणि त्याचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्यानंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्या नियमावर काम करणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. परीक्षेपुरता हा नियम दोन ओळींचा आहे; त्याचे सामर्थ्य मात्र हिशेब केल्यावाचून कळत नाही. अडीच सेंटीमीटर व्यासाचे नळकांडे घ्या. त्यातील दट्ट्याचे क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस सेंटीमीटर भरते. त्यावर दर चौरस सेंटीमीटरला ७० किलोग्रॅम दाबाचे तेल सोडले, तर तो दट्ट्या सुमारे ३४० किलोग्रॅमच्या जोराने ढकलला जातो. म्हणजे सायकलच्या पंपाएवढ्या वस्तूत चार-पाच माणसांना उचलण्याची शक्ती येते. एवढ्याशा नळकांड्याने विमानाचा पाय मुडपावा यात नवल नाही.

माझे मामा बडोद्याचे. कलाभवनात यंत्रशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराजवळ यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्य घालविले. त्या देशात सामान्य माणसाला स्वतःच्या हातांनी विमान बांधण्याची कायद्याने मुभा आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असले पाहिजे, ही तीतील मुख्य अट. अशा हौशी लोकांची एक संस्था पॉल पोबरेझनी यांनी १९५३ साली मिलवॉकीतच स्थापन केली. १९७० पासून तिचा मोठा मेळावा ऑशकॉश या गावी उन्हाळ्यात भरत आला आहे. मामांनी निवृत्तीनंतर आठ वर्षे खपून दोन आसनांचे एक चिमुकले विमान उभे केले. मामी त्याला विनोदाने ‘धाकटी सून’ म्हणत. कारण घरातील सर्व पैसा आणि सर्व कौतुक तिच्याकडे जाते, अशी त्यांची तक्रार होती. तरी त्या मामांच्या शेजारच्या आसनावर बसत, नकाशा मांडीवर घेत आणि उतरताना समोरचे तीन हिरवे दिवे मोठ्याने मोजीत. २०१९ च्या उन्हाळ्यात मी पाच आठवडे त्यांच्याकडे होतो. पुढील हकीकत त्या दिवसांतील आहे.

या विमानाच्या पायांची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. नाहीतर पुढील भानगड कळणार नाही. पुढे एक पाय आणि पंखांखाली दोन, असे तीन पाय. प्रत्येकाला एक नळकांडे. विजेवर चालणारा एक छोटा पंप तेल एका बाजूने ढकलतो तेव्हा पाय वर जातात, उलट फिरून दुसऱ्या बाजूने ढकलतो तेव्हा खाली येतात. दाब पुरेसा झाला की एक कळ पंप आपोआप बंद करते. दाब उतरला की तीच कळ तो पुन्हा सुरू करते. वर गेलेल्या पायांना कुलूप नाही. ते केवळ कोंडलेल्या तेलाच्या दाबावर तोलून राहतात. खाली आल्यावर मात्र कुलूप आहे. आपण ताठ उभे राहिलो की गुडघा जसा आपोआप अडतो, तसा पायामागील दुमडता आडवा दांडा सरळ होऊन किंचित पलीकडे झुकतो आणि मग चाकावर कितीही भार आला तरी तो मुडपत नाही. तो तेथवर पोहोचला की एक लहान कळ दाबली जाते आणि त्या पायाचा हिरवा दिवा लागतो.

पंपच बंद पडला तर? त्याचीही सोय आहे. चालकाच्या हाताशी एक झडप असते. ती उघडली की दोन्ही बाजूंचे तेल एकमेकांस मिळते, दाब नाहीसा होतो आणि पाय स्वतःच्या वजनाने, स्प्रिंगांच्या मदतीने खाली पडून अडकतात. कागदावर ही योजना इतकी सुरेख आहे की तिच्यात काही बिघडू शकेल असे वाटतच नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मामांच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाय वर घेतल्यावर गप्प बसावयाचा तो पंप उड्डाणात अधूनमधून क्षणभर घुरघुरे. प्रथम वीस-पंचवीस मिनिटांनी, पुढे दहा मिनिटांनी, महिनाअखेर सहा-सात मिनिटांनी. मामांनी त्यास फारसे महत्त्व दिले नाही, आणि त्यांच्याजवळ कारणही होते. जमिनीवर ऊन असते, वर गारठा असतो. कोंडलेले तेल थंड झाले की आकसते आणि दाब उतरतो, म्हणून चढताना पंपाने एकदोनदा चालू व्हावे हे स्वाभाविकच आहे. हे खरे होते. पण तासभर एकाच उंचीवर उडत असतानाही तो सहा-सहा मिनिटांनी जागा होत होता, त्याचे उत्तर गारठ्यात नव्हते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ऑशकॉशला जाण्याची तयारी म्हणून, मामांनी हवेत आपत्कालीन झडप उघडून पाहिली. ही परीक्षा ते दर वर्षी एकदा घेत. मामी शेजारी होत्या. झडप उघडली, पाय पडल्याचे धक्के जाणवले आणि समोर दोनच दिवे लागले. उजव्या पायाचा दिवा लागला नाही. मामांनी अर्धा मिनिट वाट पाहिली, मग झडप बंद करून पंप चालू केला. तिसरा दिवा लागला, विमान नेहमीसारखे उतरले. घडले ते एवढेच. कोणाला खरचटलेही नाही. पण संध्याकाळी जेवताना मामी म्हणाल्या, “अहो, पंप चालू होता म्हणून तिसरा दिवा लागला. पंप चालत नसेल त्या दिवसासाठीच ना ती झडप?” मामा काही बोलले नाहीत. “मी आता त्यात बसायची नाही,” असे सांगून त्यांनी ताट उचलले. माझ्या मते त्या एका वाक्यात मामींनी सगळा प्रश्न नेमका मांडला होता. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आम्ही जे केले ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे होते.

दिवा लागला नाही, याचे दोन अर्थ होतात. पाय अडकला नसेल, किंवा पाय अडकला असून दिवाच खोटे बोलत असेल. हा भेद क्षुल्लक नाही. १९७२ च्या २९ डिसेंबरला अमेरिकेतील ईस्टर्न कंपनीचे मोठे प्रवासी विमान मायामीला उतरत असताना पुढच्या पायाचा दिवा लागेना. वैमानिक त्या दिव्याच्या मागे लागले. इतक्यात विमानाची उंची राखणारी स्वयंचलित यंत्रणा नकळत सुटली आणि विमान हळूहळू उतरत दलदलीत कोसळले. १७६ पैकी १०१ माणसे गेली. पाय खाली आलेला होता; दिव्यातील बल्ब तेवढे जळलेले होते. सहा वर्षांनी, १९७८ च्या २८ डिसेंबरला, पोर्टलंडवर दुसरे एक विमान उजव्या पायाच्या दिव्याच्या शंकेने सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले आणि इंधन संपून शहराच्या कडेला पडले. तेथेही पाय खालीच होते. दहा माणसे मेली. बिघाड शोधणे हे जमिनीवरचे काम आहे. आकाशात आधी विमान उडवावे लागते.

आम्ही जमिनीवर होतो, आमच्यापाशी वेळ होता. विमान तीन जॅकांवर उचलले, शेपटीला वाळूची पोती बांधली आणि बॅटरीला बाहेरून वीज जोडली. बॅटरी उतरली की पंप मंदावतो आणि नसलेला रोग दिसू लागतो. प्रथम उजव्या व डाव्या दिव्यांचे बल्ब अदलाबदल केले. दोन्ही चांगले होते. मग झडप उघडून पाय पाडले. डावा व पुढचा खटकन अडकले. उजवा येता येता मंदावला आणि सरळ होण्यास चार बोटे उरली असता तेथेच थांबला. दिवा खरे बोलत होता. मी पायाला तळहाताने थोडा रेटा दिला, तेव्हा तो अडकला आणि हिरवा दिवा लागला.

या टप्प्यावर मामांच्या संस्थेतील एक वृद्ध गृहस्थ आले. नवशिक्या बांधणाऱ्यांची कामे पाहून सल्ला देणारे असे अनुभवी लोक त्या संस्थेने ठेवले आहेत आणि ते मोबदला घेत नाहीत. हे गृहस्थ चार दशके यंत्रे दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी विमानाकडे पाहिलेही नाही. प्रथम वही मागितली. शेवटी हात कशाला लावला होता, एवढेच त्यांनी विचारले. वहीत नोंद होती: फेब्रुवारीत वार्षिक तपासणीच्या वेळी उजव्या नळकांड्यातून तेल पाझरत असल्याने त्याची रबरी कडी नवी बसविली. मामा म्हणाले, “म्हणजे उजवे नळकांडे तेवढे नवे आहे, दोष दुसरीकडे पाहिला पाहिजे.” त्यावर ते वृद्ध गृहस्थ मंद हसले आणि त्यांनी त्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. जे नुकतेच बदलले ते निर्दोष, असे मामांचे गणित. जे नुकतेच बदलले त्याचीच चौकशी आधी, असे त्यांचे. दोघेही आयुष्यभर यंत्रांतच वावरलेले. पण मामांनी यंत्रे घडविली होती आणि यांनी बिघडलेली पाहिली होती. या दोन व्यवसायांनी माणसाचा स्वभाव किती निराळा होतो, हे मला त्या दिवशी कळले.

तरीही त्यांनी नळकांडे लगेच उघडू दिले नाही. शंका आली म्हणून उघडले तर तेलात हवा आणि धूळ जाते. नवा रोग जडतो आणि जुना होता की नव्हता हेही कळत नाही. उघडण्याआधी सिद्ध करा, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून दोन तक्रारी दोन वेगळ्या मार्गांनी तपासावयाच्या ठरल्या.

पहिली तक्रार पंपाच्या घुरघुरण्याची. तेल कोठून तरी निसटत होते, पण टाकीतील पातळी तीळभर उतरलेली नव्हती आणि खाली एक थेंब पडलेला नव्हता. याचा अर्थ गळती घराबाहेर नव्हती, घरातल्या घरातच होती: दाबाच्या बाजूचे तेल कोठेतरी फट शोधून परतीच्या बाजूस जात होते आणि टाकीत पोहोचत होते. हे सांगताना त्यांनी मला एक ताकीद दिली, ती येथे नोंदवून ठेवतो. दाबाखालील नळीची गळती बोटाने चाचपून कधी पाहू नये; सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट गमावण्याची पाळी येते. संशय असेल तेथे पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

फट तीन ठिकाणी असू शकत होती: आपत्कालीन झडपेत, पंपाच्या आतील झडपांत किंवा तीन दट्ट्यांपैकी एखाद्याच्या कडीपाशी. नळीला दाबमापक जोडला, पाय वर घेतले आणि घड्याळ लावले. ७० चा दाब सहा मिनिटांत ५० वर आला. हँगरमधील हवा स्थिर होती. गारठ्याची सबब तेथेच संपली. आता एकेक वाट बंद करावयाची. आपत्कालीन झडप सोडवून तिची तोंडे बुचांनी बंद केली. काटा पूर्वीसारखाच उतरला. डाव्या पायाला खालून आधार देऊन त्याच्या नळकांड्याची नळी सोडवली, तोंडाला बूच मारले. काटा उतरतच राहिला. पुढच्या पायाचेही तेच. मग उजव्याची नळी बंद केली. काटा ७० वर उभा राहिला तो अर्ध्या तासाने पाहिले तरी तेथेच. या चार प्रयोगांस दोन दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी नळी जोडून आत शिरलेली हवा पाय अनेकदा वरखाली करून काढावी लागे. वाचताना हे चार ओळींचे काम वाटते. आमचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. विमानात वापरावयाचे हे खनिज तेल ओळखू यावे म्हणून लाल रंगविलेले असते.

दुसरी तक्रार पाय अर्ध्यावर थांबण्याची. पाय ज्या खुंटीवर फिरतो ती जाम असेल, किंवा नळकांडे जाम असेल. उजव्या पायाला नळकांडे जोडणारा बोल्ट काढला. पाय हाताने लोटला तर पाळण्यासारखा झुलला. मग नळकांड्याची दोन्ही तोंडे मोकळी करून त्याच्या दांड्याला स्प्रिंगकाटा अडकवला आणि ओढला. डाव्या नळकांड्याचा दांडा ३ किलोग्रॅमला सरकला होता. उजव्याचा १९ किलोग्रॅमपर्यंत हलेना. पंपाच्या ३४० किलोग्रॅमपुढे १९ ची काय मातब्बरी? म्हणून पंप चालू असताना तो पाय किंचित रेंगाळे, पण अडकून बसे. पाय स्वतःच्या वजनाने पडत असताना मात्र तेवढा अडथळा त्याला पुरून उरे. रोजचा मार्ग धडधाकट दिसत होता आणि संकटाचा मार्ग बंद झालेला होता. आणि रोजच्या मार्गानेच जाणाऱ्याला ते कधीच कळले नसते.

२०११ च्या १ नोव्हेंबरला न्यूअर्कहून वॉर्साला आलेल्या पोलंडच्या एका बोइंग विमानाची हकीकत या ठिकाणी आठवते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात तेलाची नळी फुटली. म्हणून वॉर्साला पोहोचल्यावर पाय सोडण्याचा दुसरा, विजेचा मार्ग वापरला, तर तोही चालेना. त्या मार्गाची वीज ज्या लहानशा खटक्यातून जात होती तो खटका बंद पडलेला होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. कप्तान ताडेउश व्ह्रोना यांनी विमान पोटावर उतरविले. विमानात २३१ माणसे होती, ती सर्व वाचली. एका मार्गाला दुसरा मार्ग जोडून ठेवला म्हणजे आपण निश्चिंत होतो; पण दुसरा मार्ग उघडा आहे किंवा नाही हे मधून मधून पाहणारा कोणी असावा लागतो.

आता नळकांडे उघडण्यास हरकत नव्हती. दट्ट्याच्या खाचेत बसविलेली काळी रबरी कडी बाहेर काढली, तेव्हा ती पुन्हा त्या खाचेत बसेना. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी ती टचटचीत फुगली होती. एका कडेला तिचे लहान लहान लचके निघाले होते. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले. फुगलेली कडी नळकांड्याच्या भिंतीला घट्ट धरून बसली म्हणून पाय अडखळला. फुगून खाचेबाहेर आलेला तिचा काठ फटीत सापडून कुरतडला गेला म्हणून तेल निसटू लागले. एकच वस्तू फार घट्ट आणि फार सैल दोन्ही कशी, हे कोडे माझ्यापुढे दोन आठवडे होते, ते तेथे सुटले.

ही गोल कडी दिसावयास अगदी सामान्य वस्तू आहे. डेन्मार्कमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सेन या यंत्रज्ञाने १९३३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३९ साली त्याला पेटंट मिळाले. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. खाच कडीपेक्षा थोडी रुंद ठेवावी आणि कडीला तीत किंचित लोळू-दबू द्यावे, एवढ्या साध्या मापावर तिचे सर्व यश आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अशा कड्या अपरंपार लागल्या. १९८६ साली चॅलेंजर हे अवकाशयान सात प्रवाशांसह नष्ट झाले, तेही थंडीने ताठरलेल्या मोठ्या रबरी कडीपायी. रबर म्हटले की आपण एकच पदार्थ समजतो. वस्तुतः रबरांच्या जाती आहेत आणि प्रत्येकीचे पथ्य निराळे आहे. मोटारीच्या ब्रेकचे द्रव खनिज तेल नव्हे. त्याला चालणारे रबर खनिज तेल पिऊन फुगते. विमानाच्या लाल तेलात टिकणारे रबर ब्रेकच्या द्रवात बिघडते. दोन्ही काळी, दोन्ही गोल, दोन्ही एकाच मापाची मिळतात. बोटांना फरक कळत नाही.

मामांच्या कपाटात कड्यांची खणाखणांची एक पेटी होती. तिच्यात मोटारीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या कड्या कधीतरी मिसळल्या असाव्यात, असा संशय आला. संशय पुरेसा नव्हता. एकाच खणातील सहा कड्या घेतल्या, प्रत्येकीला दोऱ्याची निराळी खूण बांधली, जाडी मोजून लिहिली आणि मामींच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लाल तेल ओतून त्यांत सोडल्या. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. कारण हँगरमध्ये कोणी सांडून देईल अशी मामांना भीती. मामी या कारभारात तोवर एका शब्दाने पडल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करता करता त्यांनीच हाक मारली, “अहो, इकडे या. पांढऱ्या आणि निळ्या दोऱ्याच्या फुगल्यात. बाकीच्या चार आहेत तशाच आहेत.” मोजून पाहिले. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

मामांनी ती पेटी उचलून सबंध कचऱ्यात टाकली. इतक्या वर्षांच्या जमविलेल्या वस्तू अशा टाकताना त्यांना कसे वाटले असेल, हे मी सांगू शकत नाही. ते त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. नव्या कड्या एकेक बंद पाकिटात आल्या. प्रत्येकीवर जात, माप आणि घडविल्याचा काळ छापलेला होता. मामांनी पाकिटांवरील ते अंक वहीत उतरून घेतले आणि पाकिटेही वहीतच चिकटविली.

वास्तविक एकच नळकांडे सदोष होते. पण कुरतडलेल्या रबराचे कण तेलाबरोबर सगळीकडे फिरले असणार. एखादा कण झडपेच्या बैठकीवर बसला तर हीच कहाणी नव्या ठिकाणी सुरू होईल. म्हणून तिन्ही नळकांडी उघडली, नळ्या धुतल्या, टाकीतील गाळणी काढली. तीत मिरीच्या भुकटीसारखे काळे कण खरोखरच सापडले. सर्व जोडून झाल्यावर जॅकांवर पंचवीस वेळा पाय वरखाली केले आणि दहा वेळा झडप उघडून नुसते पाडले. उजव्या नळकांड्याचा दांडा आता साडेतीन किलोग्रॅमला सरकत होता. दाबमापकाचा काटा एक तास हलला नाही. दहाही वेळा तिन्ही दिवे लागले. ते मोजावयास मामी खुर्ची टाकून हँगरमध्ये बसल्या होत्या.

या सगळ्यात जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला. नव्या जोडणीची हवेतील परीक्षा मामांना एकट्याने, सावकाश, चांगल्या हवेच्या दिवशी घ्यावयाची होती आणि त्या आठवड्यात ढग उठत नव्हते. त्या वर्षी ऑशकॉशला आम्ही मोटारीने गेलो. मेळाव्यात शेकडो विमाने ओळीने उभी होती. पाय मुडपणारे विमान दिसले की मामा वाकून पंखाखाली पाहत. एका नव्या, चकचकीत विमानाचा मालक अभिमानाने वेगाचे आकडे सांगत होता. मामींनी त्याला मध्येच थांबवून विचारले की, पंपावाचून पाय पाडून तुम्ही शेवटी केव्हा पाहिले होते. तो आठवू लागला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी परत आलो. महिन्याभराने मामांचे पत्र आले. दोन तासांच्या उड्डाणात पंप चढताना एकदाच घुरघुरला होता. हवेत झडप उघडून पाहिली तेव्हा नऊ सेकंदांत तिन्ही दिवे लागले होते. नऊ सेकंदांचा आकडा घड्याळ लावून मामींनी घेतलेला होता.